शॉकअप, टायर आणि साताऱ्याचे रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजच्या बाकड्यावर, पंपावरच्या हवेच्या रांगेत आणि पावसाळ्यातल्या रविवारी ठोसेघरच्या टपरीवर लोक जसे विचारतात, तसेच हे प्रश्न ठेवले आहेत. उत्तरं शंभर सीसीपासून साडेतीनशेपर्यंतच्या मोटरसायकली डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. स्कूटरला हवेचा आणि टायरचा भाग जसाच्या तसा लागू होतो, शॉकअपचा थोडाफार. इथला आकडा आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा यांत फरक दिसला तर मॅन्युअलचं ऐका.

गाडी खड्ड्यात लय आपटते. शॉकअप बदलून टाकू का?

लगेच नको. मागच्या शॉकअपची जोडी म्हणजे खिशाला चांगलीच चाट, आणि बऱ्याचदा दोष निघतो दुसरीकडेच. आधी दोन्ही टायरची हवा बघा. मग टायर बघा. त्यानंतर चाकाचे बेअरिंग, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी) आणि मागच्या चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बुश (सांध्यातल्या पुंगळ्या). ते सगळं ठीक असेल तरच शॉकअपच्या खाचेला (स्प्रिंगच्या टोकाची पायऱ्यापायऱ्यांची फिरती रिंग) हात लावा, आणि खाच बदलूनही फरक पडला नाही तर शॉकअप बदलायचा विचार करा.

हा क्रम उगाच नाही. मागच्या टायरमध्ये 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठोकून भरलेली असेल तर जगातलं कुठलंही शॉकअप तुम्हाला कडकच वाटणार. बुश खाल्लेले असतील तर वळणावर गाडी मागून हलते आणि आपण दोष देतो टायरला. खालची पायरी सोडून वरची दुरुस्त केली की पैसे जातात आणि दणके तसेच राहतात.

हवा नेमकी किती ठेवायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

प्रत्येकाची गाडी वेगळी असते म्हणून. चेनकव्हरवर, चिमट्यावर किंवा टाकीजवळ कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर पुढची हवा, मागची एकट्यासाठीची आणि मागची डबलसीटसाठीची असे तीन आकडे असतात. स्टिकर धुऊन धुऊन गेला असेल तर मॅन्युअलमध्ये सापडतील. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांना पुढे 25, मागे एकट्याला 28 आणि डबलसीटला 32 च्या आसपास लागते. पण हा अंदाज झाला, तुमच्या गाडीचा आकडा नव्हे.

टायरच्या बाजूवर कोरलेला ‘मॅक्स’चा आकडा भरायचा नसतो. ती त्या टायरची कमाल मर्यादा. पुष्कळ जण तोच बघून हवा भरतात आणि मग गाडी उड्या मारते म्हणून येतात.

हवा सकाळी बघायची की संध्याकाळी? मीटर दर वेळी वेगळा आकडा दाखवतो.

टायर थंड असताना. म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असेल किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चाललेली असेल तेव्हा. पळून आल्यावर टायर तापतो आणि मीटर दोन-चार पीएसआय जास्त दाखवतो. वाढलेली ती हवा काढून टाकायची नाही, नाहीतर टायर गार झाल्यावर कमी भरेल.

ऋतूचाही फरक पडतो. दर दहा अंश तापमानाला साधारण दीड पीएसआय इकडेतिकडे होतं. जानेवारीत पहाटे पारा बाराच्या घरात असताना बरोबर 30 भरलेला टायर एप्रिलच्या दुपारी चाळिशीत सावलीत नुसता उभा असला तरी 34 च्या आसपास दाखवेल. उलट मे महिन्यात भरलेली हवा थंडीत आपोआप कमी पडते. दिवाळीनंतर ‘गाडी जड झालीय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा हवेसाठीच आलेली असते.

पंधरा दिवसांतून एकदा तरी बघा. चांगल्या टायरचीही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जातेच, ट्यूबची जरा जास्तच.

पंपावरच्या मीटरवर विश्वास ठेवावा का?

डोळे झाकून नको. स्वतःचा एक छोटा मीटर घ्या. पेट्रोलच्या एका टाकीपेक्षाही कमी किमतीत येतो आणि डिकीत किंवा टाकीच्या पिशवीत मावतो. तोही काही प्रयोगशाळेतला नसतो, पण दर वेळी एकाच मीटरने मोजलं की हवा वाढली की घटली हे तरी नक्की कळतं.

महाबळेश्वरला चढल्यावर हवा काढावी लागते का?

नाही. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे मीटरचा आकडा किंचित वाढतो हे खरं. साताऱ्यापासून महाबळेश्वरची चढाई सहा-सातशे मीटरची, तिचा हिशोब एका पीएसआयच्या आसपास येतो. वर गारवा असतो, त्याने तेवढंच कमी होतं. फिट्टंफाट.

नायट्रोजन भरला तर?

आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा. पैसे देऊन भरण्यात रोजच्या गाडीला काही अर्थ नाही. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा घातली तर काहीतरी बिघडतं, असंही काही नाही.

पावसाळ्यात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते म्हणतात.

चिखलात, शेतातल्या वाटेवर, हळू चालवताना ते काही अंशी खरं आहे. डांबरावर उलटं होतं. हवा कमी असली की टायरच्या खाचा दबून मिटतात आणि खालचं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. शिवाय खड्ड्याची कड थेट रिमवर बसते. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही, आणि पावसाळ्यात वाकून येणाऱ्या रिम बहुतेक अशाच खड्ड्यांच्या असतात. तेव्हा पावसातही स्टिकरचाच आकडा.

टायर कधी बदलायचा? माझ्यात अजून नक्षी दिसतेय.

‘दिसतेय’ हे पुरेसं नाही. टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपते तिथे, छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) ही अक्षरं असतात. त्या खुणेच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी बघितलं तर रबराचा एक बारीक उंचवटा दिसतो. बोटाने चाचपा. उंचवटा आणि टायरचा माथा एका पातळीत आले की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच किमान 0.8 मिलिमीटर खोल असावी लागते, आणि तो उंचवटा तेवढ्याच उंचीचा असतो.

पण 0.8 ही कायद्याची शेवटची पायरी आहे. यवतेश्वरच्या घाटात जुलै महिन्यात, वरून धो-धो आणि रस्त्यावर लाल मातीचा थर, अशा वेळी एवढ्याशा खाचेत पाणी कुठे मावणार? आपल्याकडचा पावसाळा बघता माझं मत असं की खाच दीड-दोन मिलिमीटरवर आली आणि मे महिना लागला, की टायर बदलून मोकळं व्हावं. मार्च-एप्रिलमध्ये तीच स्थिती असेल तर थोडी कळ काढता येते.

नक्षीसोबत भेगाही बघा. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक रेषा असतील तर लक्ष ठेवा. नख आत जाईल एवढी भेग, कुठे आलेला फुगवटा किंवा आतला धागा दिसत असेल तर त्या टायरवर घरापर्यंतसुद्धा जाऊ नका.

टायर किती जुना आहे ते कसं कळणार?

बाजूवर लांबट गोलात चार आकडे असतात. 2322 असेल तर 2022 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड गाडी घेताना हे आधी बघावं. चार हजार किलोमीटर पळालेली ‘नवीकोरी’ गाडी आठ वर्षं कुणाच्या तरी अंगणात उभी असेल तर नक्षी भरपूर असूनही रबर वाळून टणक झालेलं असतं. असा टायर कोरड्या रस्त्यावर गुपचूप चालतो आणि पहिल्या पावसात ब्रेक दाबला की खरं रूप दाखवतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासणी करावी, आणि दहा वर्षांचा झाला की दिसायला कसाही असो, काढावा.

बाकीचे आकडे कसले असतात?

100/90-17 लिहिलं असेल तर रुंदी 100 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 90 टक्के आणि रिम 17 इंची. त्यापुढे 55P असं काही असतं. 55 हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ 218 किलो. P म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतची क्षमता. नवा टायर घेताना हे दोन्ही कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नसावेत. बाण कुठल्या दिशेला आहे तेही बघा. चाक पुढे फिरतं त्या दिशेलाच बाण हवा, आणि घाईत टायर उलटा बसवून दिलेला सापडतो.

मागे एक नंबर मोठा टायर टाकू का? गाडी भारदस्त दिसते.

दिसते, खरं आहे. पण रिमची रुंदी तीच राहते. तिच्यावर रुंद टायर चढवला की तो कडेने आवळला जातो, माथा जास्त गोल होतो आणि जमिनीला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी बिघडतो. वळणावर गाडी वाकायला जड जाते, मायलेज पडतं. कधी टायर चेनकव्हरला घासतो, आणि डबलसीट बसल्यावर मडगार्डलाही. कंपनीने त्याच रिमसाठी दोन मापं मान्य केली असतील तर मोठं घ्या, नाहीतर भारदस्तपणासाठी सायलेन्सर पुसून चकचकीत करा.

रिमोल्ड टायर चालेल का?

जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला तो रिमोल्ड. दुचाकीला नाही. ट्रकला चार-सहा मागची चाकं असतात, आपल्याला एकच.

टायर मधोमध सपाट झालाय, कडेला मात्र नवा. हे कशाने?

पुणे-बेंगळुरू महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्यांचा हा ठरलेला आजार. सरळ रस्ता, मध्यभागीच झीज. हवा कायम जास्त ठेवली तरी असंच होतं. शहरात आणि हायवेवर काही जाणवत नाही. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी माणूस वाईवरून पसरणी घाट चढतो आणि गाडी वळणावर आधी वाकायला नकार देते, मग एका क्षणी एकदम पडल्यासारखी वाकते. सपाट माथा संपून जी कड तयार झालेली असते, तिच्यावरून टायर उतरतो तेव्हा हा झटका बसतो. पुष्कळ जण याला घाबरून शॉकअप तपासायला येतात. टायर बदलला की गाडी पहिल्यासारखी वळते.

पुढच्या टायरची नक्षी करवतीसारखी चढ-उताराची झालीय, हात फिरवला की कळतं.

हे मात्र शॉकअपचं काम असू शकतं. पुढचं शॉकअप चाकाला रस्त्यावर दाबून धरू शकत नसेल तर चाक बारीक बारीक उड्या मारत चालतं आणि टायर ठिकठिकाणी जास्त खातं. शॉकअपचं तेल पातळ झालेलं किंवा कमी असणं, कोनसेट ढिला असणं, चाकाचा बॅलन्स नसणं, हवा कमी असणं, यातलं काहीही कारण असेल. थोडा चढ-उतार पुढच्या टायरला वयाने येतोच, कारण पुढचा ब्रेक त्याच्यावरच पडतो. ‘घूं-घूं’ आवाज आणि हँडलला थरथर सुरू झाली की मात्र कारण शोधा. नुसता टायर बदलला तर नवाही तसाच खाल्ला जाईल.

ट्यूबलेसला पंक्चरची किती भोकं चालतात?

भोक मधल्या भागात, खिळ्याएवढं बारीक आणि एकमेकांपासून लांब असेल तर दोन-तीनपर्यंत हरकत नाही. बाजूच्या भिंतीवरचं भोक बुजवायचं नाही, पंक्चरवाला ‘होतंय की साहेब’ म्हणाला तरी. ती भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, तिथे भोकात घातलेली रबरी काडी टिकत नाही.

काडी घातल्यावर एक गोष्ट नक्की करून घ्या. पंक्चरवाल्याला सांगून व्हॉल्व्हवरही पाण्याचा किंवा थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला तर पिन गळतेय. मग व्हॉल्व्हची रबरी मान अंगठ्याने हलकी वाकवून मुळाशी बघा. उन्हाने तिथे गोल भेग पडलेली असते, सरळ उभ्या व्हॉल्व्हकडे बघून ती दिसतच नाही. ‘पंक्चर सापडत नाही पण हवा जाते’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

नवा टायर टाकल्यावर गाडी घसरल्यासारखी वाटते.

वाटत नाही, घसरतेच. साच्यातून काढलेल्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि खोल वळण टाळा. टायर बदलून त्याच संध्याकाळी पावसात कासला निघू नका.

मागच्या शॉकअपची खाच कितीवर ठेवायची?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर फूटपट्टीने काढता येतं. तत्त्व असं: तुम्ही बसल्यावर शॉकअप थोडं खाली बसलं पाहिजे. फार बसलं तर खड्ड्यात तळाला जाऊन आपटतं. अजिबात बसलं नाही तर चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच उरत नाही, ते हवेत राहतं आणि गाडी घसरते. चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश बसणं योग्य.

मोजायचं असं. गाडी मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक जमिनीपासून वर हवं. मागच्या अॅक्सलच्या नटच्या मध्यापासून सरळ वर, साइड पॅनलवर किंवा सीटच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा. अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. समजा 520 आलं. आता गाडी स्टँडवरून काढा, एका मित्राला पुढून हँडल धरायला सांगा. तुम्ही नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसह, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवून बसा. दुसऱ्या मित्राने मागून गाडी दाबून हळूच सोडावी आणि मोजावं. मग थोडी उचलून हळूच सोडावी आणि पुन्हा मोजावं. दोन्ही आकडे सारखे येणार नाहीत, कारण बुश आणि तेल अडवणाऱ्या रबरी सीलचं घर्षण आड येतं. 492 आणि 498 आले तर सरासरी 495. म्हणजे गाडी 25 मिलिमीटर बसली. मागच्या चाकाची हालचाल 90 मिलिमीटर असेल तर 22 ते 30 च्या मधला हा आकडा उत्तम. जास्त बसत असेल तर एक खाच वर, कमी बसत असेल तर एक खाच खाली.

खाच फिरवायला सी-आकाराचा पाना लागतो, टूलकिटमध्ये येतो. पाना नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकू नका, रिंगचे कान तुटतात. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे तीच खाच. डावं तिसरीवर आणि उजवं चौथीवर असलेली गाडी मला दर महिन्याला दिसते, आणि मालकाला ते माहीतही नसतं.

खाच वर नेली म्हणजे स्प्रिंग कडक होते ना?

नाही. हा गैरसमज मेकॅनिक मंडळींतही आहे. स्प्रिंग 20 किलोला एक सेंटिमीटर दबणारी असेल तर पाचव्या खाचेवरही ती 20 किलोला एकच सेंटिमीटर दबते. खाचेने बदलते ती गाडी कुठून दबायला सुरुवात करते ती उंची. हलक्या माणसाने पाचवी खाच लावली की गाडी कडक ‘वाटते’, कारण त्याच्या वजनाने ती खाली बसतच नाही. मऊ स्प्रिंग खरोखर कडक हवी असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

मागं दोघं बसले की हेडलाइट आकाशात जातो. लाइट खाली करू का?

आधी मागची हवा डबलसीटची करा आणि शॉकअप दोन खाचा वर न्या. गाडीचं मागचं अंग खाली बसल्याने लाइट वर गेलेला असतो. लाइटचाच स्क्रू फिरवला तर एकटे असताना तो पायाशी पडेल. गाडी मागे बसली की पुढचं चाकही हलकं होतं आणि हँडल सैल वाटतं, तोही त्रास याच खाचेने कमी होतो. चेनचा ताणही बघून घ्या, माणूस बसल्यावर चेन ताठ होते. आणि ‘दोघं’ म्हणजे चालवणारा धरून दोघं. त्याच्याशिवाय दोघं म्हणत असाल तर याचं उत्तर कुठल्याच खाचेत नाही.

मी रोज डेअरीला दूध घालतो, दोन्ही बाजूंना कॅन असतात. शॉकअप वर्षभरात जातं.

चाळीस लिटरच्या कॅनमध्ये नुसतं दूधच 41 किलो भरतं. दोन कॅन, त्यांची लोखंडी चौकट, असं मिळून शंभराच्या जवळ जातं. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांची क्षमता चालवणाऱ्यासह 130 ते 150 किलोच्या आसपास असते. तुमचं वजन 70 धरलं तर गाडी रोज मर्यादेबाहेर चालते. मी ‘करू नका’ म्हटलं म्हणून दूध घरी राहणार नाही हे मला माहीत आहे. त्यामुळे निदान हे करा.

वीस लिटरचे कॅन घेऊन दोन खेपा शक्य असतील तर त्या करा. नसेल तर चौकट शक्य तेवढी पुढे, मागच्या अॅक्सलच्या वर आणा. मागे लोंबकळणारं वजन पुढचं चाक उचलतं. अर्धा भरलेला कॅन पूर्ण भरलेल्यापेक्षा वळणावर जास्त त्रास देतो, कारण दूध आत हिंदकळतं आणि गाडी सरळ झाल्यावरही ते ढकलतच राहतं. मागची हवा डबलसीटच्या आकड्यावर, खाच सगळ्यात वर, आणि कॅन रिकामे करून परतताना खाच खाली आणायचा कंटाळा येत असेल तर निदान हळू या, कारण रिकामी गाडी त्या खाचेवर मागून उडते. मागचा टायर जास्त वजनाच्या आकड्याचा मिळत असेल तर तोच घ्या. चिमट्याचे बुश दर सर्व्हिसिंगला तपासा, कारण तुमच्या गाडीत शॉकअपच्या आधी तेच जातात.

पुढच्या शॉकअपला खाच नाही. मग त्याला काहीच करता येत नाही?

येतं, तेल बदलता येतं. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारा माणूस पुढच्या शॉकअपचं तेल गाडी विकेपर्यंत बदलत नाही. ते तेल दर दणक्याला बारीक भोकांतून ढकललं जातं, पातळ होतं, त्यात धातूचा चुरा मिसळतो. मॅन्युअलमध्ये मुदत असते. नसेल दिलेली तर वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलून घ्या. जुनं तेल राखाडी चिखलासारखं बाहेर येतं, ते एकदा समोर उभं राहून बघाच. दोन्ही नळ्यांत मापाने मोजून सारखं तेल भरलं पाहिजे. अंदाजाने ओतणाऱ्याला थांबवा.

तेल गेल्याची खूण घाट उतरताना दिसते. मेढ्याकडे केळघर उतरताना पुढचा ब्रेक दाबला की गाडीचं तोंड झपकन खाली जातं, सोडला की उसळून वर येतं. चांगलं शॉकअप खाली जातं सावकाश आणि वर येऊन थांबतं. उभ्या गाडीवर पुढचा ब्रेक दाबून हँडल जोरात खाली ढकलून सोडा. एकदा वर येऊन स्थिर झालं तर बरं आहे, दोन-तीनदा डुललं तर तेलाची वेळ झाली. मागच्या शॉकअपची परीक्षाही सीट दाबून अशीच.

पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आलाय. किती दिवस चालेल?

चालवू नका. ते तेल खाली डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर उतरतं आणि ब्रेक लागायचाच बंद होतो. सील बदलायला अर्धा दिवस लागतो. पॅडवर तेल चढलं असेल तर पॅडही बदला, पेट्रोलने धुऊन ते पूर्ववत होत नाहीत.

एक अपवाद आहे. कधी कधी सील चांगलं असतं आणि ओठाखाली वाळलेला चिखल अडकल्याने गळतं. जुन्या फोटोच्या फिल्मची पट्टी किंवा तसंच पातळ मऊ प्लॅस्टिक सीलच्या कडेने फिरवून घाण काढली की गळती थांबते. पुन्हा गळलं तर सील.

आमच्या गाडीला रिबाउंड आणि कम्प्रेशनचे स्क्रू आहेत. कसे लावू?

कम्प्रेशन म्हणजे शॉकअप किती भरकन दबतं, रिबाउंड म्हणजे ते किती भरकन परत येतं. स्क्रू पूर्ण आवळेपर्यंत किती ‘टिक’ होतात ते मोजून वहीत लिहा, मग कंपनीच्या आकड्यावर परत आणा. एका वेळी एकच स्क्रू, दोन टिक, आणि तोच रस्ता पुन्हा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला हे देवालाही सांगता येत नाही. एका खड्ड्यानंतर दुसरा, मग तिसरा येईल तसतशी गाडी खालीच बसत जात असेल तर रिबाउंड फार आवळलाय. खड्ड्यानंतर सीट ढुंगणाला लाथ मारत असेल तर फार सैल. ज्यांच्या गाडीला हे स्क्रू नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. बहुतेक मालक ते कधी फिरवतही नाहीत.

साठच्या पुढे हँडल थरथरतं.

गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक उचला. पुढे बसून दोन्ही शॉकअपचे खालचे भाग धरा आणि पुढे-मागे ओढा. ‘टक्’ जाणवली तर कोनसेट ढिला. आता हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे हळू फिरवा. सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेटच्या वाट्या खाल्ल्या, आवळून उपयोग नाही, बदलाव्या लागतील. चाक वरून-खालून धरून डावीकडे-उजवीकडे हलवा, खेळ असेल तर बेअरिंग. चाक फिरवून रिमजवळ पेन स्थिर धरा, अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलीय. हे सगळं दहा मिनिटांत होतं.

एबीएस आहे म्हणजे टायर थोडा घासला तरी चालतो ना?

एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, आणि तेव्हापासून हा प्रश्नही वाढलाय. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. पकड टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी आहे तेवढीच राहते. गुळगुळीत टायरवर एबीएस गाडी सरळ ठेवून लांबवर नेऊन थांबवतं. शॉकअप मेलेलं असेल आणि चाक उड्या मारत असेल तर एबीएस प्रत्येक उडीला ब्रेक सोडतं आणि अंतर आणखी वाढतं.

ऊस हंगामात वेगळी काही काळजी?

शेंद्रे, भुईंज, कराडकडच्या रस्त्यांवर गाळप सुरू झालं की ट्रॉलीतून पडलेली कांडी चाकाखाली चिरडून रस्त्याला चिकटलेली असतात. ओला पाचट आणि रस यांचं मिश्रण पावसाच्या पाण्यापेक्षा निसरडं, आणि अंधारात दिसतही नाही. टायर, हवा सगळं बरोबर असलं तरी त्याच्यावर वाकलेल्या गाडीने ब्रेक मारायचा नाही. अख्खं कांडं आडवं आलं तर ते सरळ, शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. रात्री ट्रॉलीला मागचा लाइट असेलच असं धरू नका.

बाजारातलं गॅसवालं शॉकअप चांगलं का?

चांगल्या कंपनीचं, तुमच्याच गाडीच्या मापाचं असेल तर चांगलं. गॅस तेलाला फेस येऊ देत नाही, त्यामुळे चाळकेवाडीच्या रस्त्यासारखा लांबलचक खराब पट्टा असला तरी ते दमत नाही. पण बाहेरून डबा लावलेलं आणि आत काहीच नसलेलं नकली शॉकअपही भरपूर विकलं जातं. मूळ शॉकअपपेक्षा स्वस्त मिळत असेल तर ते शोभेचं समजा. गाडी उंच करायला लावतात ते लोखंडी तुकडे तर मुळीच नकोत, त्याने चेनचा कोन आणि हँडलचा स्वभाव दोन्ही बिघडतात.

पुढच्या शॉकअपला रबरी बूट घातले तर सील टिकतं का?

टिकतं, नळीवर थेट चिखल आणि खडे उडत नाहीत म्हणून. मात्र पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी बुटातच राहतं आणि नळी गंजते. महिन्यातून एकदा बूट वर सरकवून नळी कोरड्या फडक्याने पुसा, आणि बुटाच्या खालच्या टोकाला पाणी निघायला भोक आहे का ते बघा.